दोन-चारशे पीएसडी एकगठ्ठा जेपेग नाहीतर टिफमधे कशा काढायच्या (जुन्या सिंहस्थाच्या फाइली शोधणाऱ्यांसाठी खास)

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय आणि नाशकात डिझाइनचं काम करणाऱ्यांना फोन सुरू झालेत, की २०१५ ला तुम्ही तो स्वागताचा बोर्ड केला होता ना, तो जरा व्हॉट्सअॅपला टाका. आता तो बोर्ड कुठल्यातरी जुन्या हार्डडिस्कवर पीएसडीत (फोटोशॉपच्या मूळ फाइलीत) पडलेला असतो, सोबत तसल्याच दोन-चारशे फाइली, आणि मागणाऱ्याकडे फोटोशॉप नसतं. एकेक फाइल उघड, सेव्ह कर, बंद कर असं करत बसलं तर आठवडा जाईल, म्हणून हे काम बॅच लावून करायचं, म्हणजे सगळ्या फाइलींवर तेच काम एका दमात आपोआप. बॅच लावायला पाच मिनिटं लागतात, पण त्याआधी फाइली नीट वेगळ्या केल्या नाहीत तर रात्रभर मशीन चालून सकाळी दोनशे चुकीच्या फाइली तयार मिळतात. त्यामुळे खाली अर्धा लेख त्या आधीच्या तयारीवरच आहे, तो सोडून थेट मेनूवर उडी मारू नका.

मुख्य भाग फोटोशॉपचा आहे. ज्यांच्याकडे ते नाही त्यांच्यासाठी शेवटी लिहिलंय. फ्लेक्सवाले, अल्बमवाले, येवल्याच्या पैठणीचे कॅटलॉग करणारे, सगळ्यांना हेच चालतं.

फाइलीच्या पोटात काय असतं

पीएसडीत लेयर (एकावर एक ठेवलेले चित्राचे थर) तर असतातच, पण त्यासोबत सगळे लेयर मिळून जे दिसतं त्याचं एक सपाट चित्रपण साठवलेलं असू शकतं. असू शकतं म्हणतोय कारण सेव्ह करताना मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी हा पर्याय चालू असेल तरच ते साठवलं जातं. फोटोशॉप सोडून बाकीची बरीच सॉफ्टवेअर लेयर वगैरे वाचतच नाहीत, फक्त हे सपाट चित्र उचलतात. ते नसेल तर पांढरा कागद दिसतो आणि त्यावर वेगवेगळ्या भाषांमधे लिहिलेलं असतं की ही फाइल सपाट चित्राशिवाय सेव्ह केलीय. लोकांना वाटतं फाइल करप्ट झाली. करप्ट काही नसते, फोटोशॉपमधे उघडा, आत सगळं जागेवर असतं.

टिफची गंमत वेगळी आहे. टिफचं सहावं व्हर्जन १९९२ चं आणि फोटोशॉपमधे लेयर आले १९९४ ला, तिसऱ्या व्हर्जनमधे. म्हणजे टिफ ठरला तेव्हा फोटोशॉपचे लेयर हा प्रकारच नव्हता, मग अॅडोबीने नंतर आपले लेयर टिफच्या आत स्वतःच्या एका खाजगी कप्प्यात टाकायला सुरुवात केली. त्यामुळे लेयरवाली टिफ फोटोशॉपमधे लेयरसकट उघडते आणि दुसरीकडे बहुतेक ठिकाणी सपाट दिसते. प्रिंटिंगवाल्याला टिफ देताना लेयर आत राहिले तर त्याचं काही बिघडत नाही असं वाटेल, पण फाइल विनाकारण कितीतरी पट मोठी जाते आणि तुमचं उघडं डिझाइन दुसऱ्याच्या हातात जातं ते वेगळंच.

जेपेगला लेयर नाही, पारदर्शकता नाही, आठ बिटच्या वर रंग नाहीत. पीएनजीला पारदर्शकता आहे पण सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे रंग) नाही, म्हणून लोगो आणि कटआउटसाठी पीएनजी, छपाईसाठी पीएनजी देऊ नका. आणि हो, जेपेगमधून लेयर परत मिळत नाहीत, कोणी मिळवून देतो म्हणालं तरी.

साइजचा हिशोबपण एकदा करून ठेवा. १२ बाय ३६ इंचाचं अल्बमचं पान ३०० डीपीआयला म्हणजे ३,६०० गुणिले १०,८०० पिक्सेल, जवळपास ३.९ कोटी पिक्सेल. आरजीबीत (स्क्रीनचे लाल, हिरवा, निळा रंग) एक पूर्ण भरलेला लेयर मेमरीत ११०-११५ एमबी खातो. असे दहा लेयर असले की एकच पान गिगाबाइटच्या वर गेलं. फ्लेक्समधे अजून एक भानगड आहे. पीएसडीला लांबी-रुंदीची मर्यादा ३०,००० पिक्सेल आणि फाइलची मर्यादा २ जीबी. वीस फुटी बोर्ड ७२ डीपीआयला १७,२८० पिक्सेल होतो, आरामात बसतो, पण कोणी हौसेने १५० डीपीआयला केला असेल तर ३६,००० पिक्सेल होतात आणि ती फाइल पीएसबीच (फोटोशॉपचा मोठ्या फाइलींचा फॉरमॅट) असणार, तिथे ३,००,००० पिक्सेलपर्यंत चालतं. म्हणून जुना फोल्डर बघताना फक्त पीएसडी शोधून थांबू नका, पीएसबीपण शोधा. टिफचीपण मर्यादा आहे, ४ जीबी.

गठ्ठे पाडायचं काम

सगळ्यात आधी मूळ फोल्डरची कॉपी दुसऱ्या डिस्कवर. यात चर्चा नाही. बॅच कायम कॉपीवर चालवायची आणि निकाल तिसऱ्याच फोल्डरमधे काढायचा.

मग त्या कॉपीत फाइली वेगळ्या करा. द्राक्षं जशी निर्यातीची, लोकल मार्केटची आणि बेदाण्याची वेगवेगळ्या क्रेटमधे जातात तसंच इथे, एकाच क्रेटमधे भरली की सगळ्यांचा भाव पडतो. माझ्या मते तीन क्रेट पुरतात: आरजीबी फाइली, सीएमवायके फाइली, आणि त्रासदायक फाइली. ब्रिज (अॅडोबीचं फाइली बघायचं सॉफ्टवेअर) टाकलेलं असेल तर त्याच्या फिल्टर पॅनेलमधे कलर प्रोफाइलप्रमाणे (रंग कसे दाखवायचे याची फाइलीतली माहिती) फाइली पटकन वेगळ्या दिसतात, एकेक उघडायची गरज नाही.

त्रासदायक म्हणजे काय, तर पहिला नंबर फॉन्टचा. २०१५ चे मराठी बोर्ड म्हणजे बहुतेक श्रीलिपी नाहीतर आकृती. नव्या मशीनवर तो फॉन्ट नसतो. आता इथे नीट लक्ष द्या: फॉन्ट नसला तरी फोटोशॉप ती अक्षरं आधी जशी दिसत होती तशीच दाखवतं, कारण टेक्स्ट लेयरचं चित्र फाइलीत असतं. जोपर्यंत तुम्ही त्या अक्षरांना हात लावत नाही तोपर्यंत सगळं ठीक. हात लावला किंवा फॉन्ट बदलून अपडेट करायला हो म्हणालात, की 'सिंहस्थ कुंभमेळा' च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी, कारण या जुन्या फॉन्टमधे मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात, ते युनिकोड नसतं. म्हणून बॅचमधे साइज बदलायचा असेल तर आधी फ्लॅटन (सगळे लेयर एक करून सपाट करणं), मग साइज. हा क्रम अजिबात उलटा करू नका.

युनिकोड मराठी असलेल्या फाइलीत वेगळाच प्रॉब्लेम येतो, वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षरं सुटी पडतात. त्यासाठी फोटोशॉप २०२२ च्या आधीच्या व्हर्जनमधे प्रेफरन्सेसमधे टाइप विभागात वर्ल्ड रेडी लेआउट निवडावं लागायचं (अजून जुन्या व्हर्जनमधे मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन असं नाव होतं), पण आधीच टाइप केलेल्या लेयरला ते आपोआप लागत नाही, लेयर निवडून लावावं लागतं. अशा फाइली बॅचमधे टाकू नका, हाताने करा.

दुसरा नंबर लिंक केलेल्या स्मार्ट ऑब्जेक्टचा (पीएसडीत बसवलेलं दुसऱ्या फाइलीतलं चित्र). काळाराम मंदिराचा फोटो दुसऱ्या फोल्डरमधून लिंक केलेला होता आणि तो फोल्डर आता नाहीच, तर फाइल उघडताना विचारणार कुठे आहे म्हणून, आणि रात्री दोन वाजता उत्तर द्यायला तिथे कोणी नसतं. एम्बेड केलेले असतील तर काळजी नाही.

तिसरं म्हणजे नावं. फायनल, फायनल १, फायनल नवीन, फायनल ओके. वेगवेगळ्या फोल्डरमधे एकाच नावाच्या फाइली असतात आणि बॅचने सगळ्या एकाच फोल्डरमधे काढल्या की मागची पुढचीला खाते. आधीच नावं बदला. ब्रिजमधे बॅच रिनेम आहे, फोल्डरचं नाव आणि पुढे नंबर असं लावून टाका, जसं पंचवटी-००१, नाशिकरोड-००१.

जेपेग पाहिजे असतील तर इमेज प्रोसेसर

व्हॉट्सअॅप, वेबसाइट, पार्टीला दाखवायला, लॅबला अल्बम द्यायला, या सगळ्याला इमेज प्रोसेसर पुरतो आणि लोक उगाच अॅक्शन (नोंदवून ठेवलेल्या पायऱ्या) रेकॉर्ड करत बसतात. फाइल मेनू, त्यात स्क्रिप्ट्स, त्यात इमेज प्रोसेसर. चार भागांची एक खिडकी उघडते.

पहिल्या भागात फोल्डर निवडा. आत सबफोल्डर असतील तर इन्क्लूड ऑल सबफोल्डर्सवर टिक. दुसऱ्या भागात निकाल कुठे ठेवायचा ते, इथे सेव्ह इन सेम लोकेशन नको, वेगळा फोल्डर निवडा आणि कीप फोल्डर स्ट्रक्चर चालू करा म्हणजे मूळ फोल्डर जसे होते तसेच तिकडे तयार होतात.

तिसरा भाग महत्त्वाचा. सेव्ह अॅज जेपेगवर टिक, क्वालिटी शून्य ते बारा अशी असते. बारा टाकायचा मोह होतो पण दहाला जी फाइल येते तिच्यात आणि बाराच्या फाइलीत छापून फरक सांगणारा माणूस मला अजून दाखवा, साइजमधे मात्र भरपूर फरक पडतो. कन्व्हर्ट प्रोफाइल टू एसआरजीबी वर टिक हवीच, मोबाइलवर रंग उडालेले किंवा भडक दिसतात ते नव्वद टक्के वेळा ही टिक नसते म्हणून. रिसाइज टू फिट मधे डब्ल्यू आणि एच दोन्हीत एकच आकडा टाका, समजा २०००, म्हणजे उभी असो आडवी असो, मोठी बाजू २००० होते आणि प्रमाण बिघडत नाही.

याच खिडकीत पीएसडी आणि टिफवर पण टिक करता येते, तिन्ही एकाच वेळी निघतात आणि प्रत्येकाला आपापला सबफोल्डर मिळतो. जुन्या पीएसडी मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटीशिवाय सेव्ह केल्या असतील तर त्या सुधारायचा हा सगळ्यात सोपा रस्ता आहे: फक्त सेव्ह अॅज पीएसडी, खाली मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी, आणि रन. लेयर जसेच्या तसे राहतात आणि वर सपाट चित्रपण तयार होतं.

चौथ्या भागात एखादी अॅक्शन चालवता येते. ती अॅक्शन सगळ्या फॉरमॅटला लागते हे विसरू नका, फ्लॅटनची अॅक्शन लावून पीएसडीची टिक तशीच ठेवली तर लेयर गेलेल्या पीएसडी मिळतील. इन्क्लूड आयसीसी प्रोफाइल चालू ठेवा. उजव्या बाजूला सेटिंग सेव्ह करायचं बटण आहे, एकदा सेव्ह केलं की पुढच्या वेळी लोड करून थेट रन.

छपाईच्या टिफसाठी अॅक्शन आणि बॅच

प्रेसला सपाट सीएमवायके टिफ द्यायची असेल तर मात्र इमेज प्रोसेसर कमी पडतो, तिथे अॅक्शन रेकॉर्ड करा. एक साधी फाइल आधी उघडून ठेवा, मग विंडो मेनूतून अॅक्शन्स पॅनेल, नवीन सेट, नवीन अॅक्शन, रेकॉर्ड. आता जे कराल ते नोंदलं जाणार.

आधी लेयर मेनूतून फ्लॅटन इमेज. मग एडिट मेनूत कन्व्हर्ट टू प्रोफाइल, आणि प्रेसवाल्याने जी प्रोफाइल सांगितली ती. इथे लोक घाईत इमेज मेनूतून मोड बदलून सीएमवायके करतात, त्यात फोटोशॉपच्या कलर सेटिंगमधे जी प्रोफाइल असेल ती लागते, प्रेसची नाही. आणि फ्लॅटन आधी का, तर लेयर शिल्लक असताना आरजीबीचं सीएमवायके केलं की मल्टिप्लाय, स्क्रीन, ओव्हरले वाले लेयर वेगळे मिसळतात आणि रंग बदलतो, काही अॅडजस्टमेंट लेयर तर उडूनच जातात. त्या भगव्या ग्रेडियंटवर सावली टाकलेली असते ना, ती मळकट तपकिरी होते ती यामुळे.

पाहिजे असेल तर इमेज साइज. मग फाइल मेनूतून सेव्ह अॅज, फॉरमॅट टिफ, कॉम्प्रेशन एलझेडडब्ल्यू. नावाला हात लावायचा नाही, नाव टाइप केलं तर तेच अॅक्शनमधे नोंदलं जातं. फक्त फोल्डर बदला. मग फाइल बंद करा आणि स्टॉप.

नव्या व्हर्जनवाल्यांनी एक लक्षात ठेवा, २०२१ पासून फोटोशॉपने सेव्ह अॅज आणि सेव्ह अ कॉपी वेगळं केलंय, लेयर असताना सेव्ह अॅजमधे जेपेग दिसतच नाही. जुन्या अॅक्शन त्यामुळे अडखळतात. प्रेफरन्सेसमधे फाइल हँडलिंगला लेगसी सेव्ह अॅज चालू केलं की पूर्वीसारखं होतं. टिफ मात्र सेव्ह अॅजमधे आधीपासूनच आहे, म्हणून वरच्या पद्धतीत हा घोळ होत नाही.

आता फाइल मेनू, ऑटोमेट, बॅच. सेट आणि अॅक्शन निवडा. सोर्स फोल्डर. खाली चार टिक असतात, त्यातली पहिली, ओव्हरराइड अॅक्शन ओपन कमांड्स, सगळ्यांना फसवते. तुमच्या अॅक्शनमधे फाइल उघडायची पायरी नोंदलेली नसेल (आपण नोंदली नाही) तर ही टिक नकोच, केली तर बॅच फाइली उघडतच नाही. सबफोल्डरची टिक गरजेप्रमाणे, बाकी दोन्ही सप्रेस वाल्या टिक करा म्हणजे मधेच प्रश्न विचारत थांबणार नाही.

डेस्टिनेशन फोल्डर निवडा आणि तिथली ओव्हरराइड अॅक्शन सेव्ह अॅज कमांड्स ही टिक मात्र हवी, कारण आपल्या अॅक्शनमधे सेव्ह अॅज आहे. यामुळे कॉम्प्रेशन वगैरे अॅक्शनमधून घेतलं जातं आणि फोल्डर, नाव बॅचच्या खिडकीतून. दिसायला दोन्ही टिक सारख्याच, वागणूक उलटी. शेवटी एरर्समधे स्टॉप फॉर एरर्स बदलून लॉग एरर्स टू फाइल करा आणि एक टेक्स्ट फाइल द्या, म्हणजे सत्तेचाळिसाव्या फाइलीला अडचण आली तरी बाकीच्या पूर्ण होतात.

सगळ्या फाइलींवर लावायच्या आधी पाच-सहा फाइलींचा ट्रायल फोल्डर करा आणि त्यात मुद्दाम वाईटात वाईट फाइली टाका, सगळ्यात जास्त लेयरवाली, फॉन्ट नसलेली, सगळ्यात मोठी. सोप्या फाइलींवर ट्रायल घेऊन काहीच कळत नाही.

मशीन हळू असेल तर प्रेफरन्सेसमधे हिस्टरी स्टेट्स कमी करा आणि हिस्टरी पॅनेलच्या ऑप्शनमधून पहिला स्नॅपशॉट आपोआप घ्यायची टिक काढा, बॅचमधे अनडू कोण करणार आहे. स्क्रॅच डिस्क (फोटोशॉपची तात्पुरत्या फाइलींची जागा) एसएसडीवर ठेवा, रिकामी जागा भरपूर असू द्या. यूपीएस नसेल तर गठ्ठे लहान करा, पावसाळ्यात सिडको-अंबडला लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

झाल्यावर तपासणी

दोन्ही फोल्डरमधल्या फाइली मोजा, आकडा जुळला पाहिजे. मग निकालाचा फोल्डर साइजप्रमाणे लावा, सगळ्यात लहान फाइली वर येतील, गडबड असली तर तिथेच सापडते: पांढरं पान, अर्धवट फाइल, लेयर लपवलेला राहिला होता अशी फाइल. लपवलेल्या लेयरचं खास बघा, दोन भाषांचे दोन ग्रुप करून एक बंद ठेवायची सवय असते आपल्याकडे, आणि सपाट करताना जे डोळ्याला दिसतंय तेवढंच येतं, हिंदी बोर्ड पाहिजे होता आणि मराठी निघाला असं होतं. असे ग्रुप असतील तर लेयर कॉम्प (कुठले लेयर चालू, कुठले बंद याची नोंद) करून ठेवा आणि फाइल मेनूतल्या एक्सपोर्टमधून लेयर कॉम्प्स टू फाइल्स चालवा, प्रत्येक कॉम्पची वेगळी फाइल निघते. व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलं की ते पुन्हा दाबून लहान करतं.

फोटोशॉप नसेल तर

नुसतं पीएसडीचं जेपेग करायचं असेल तर एक्सएनकन्व्हर्ट चांगलं आहे, फोल्डर ओढून टाका, आउटपुट फॉरमॅट निवडा, कन्व्हर्ट. इरफानव्ह्यूमधे बी दाबलं की बॅचची खिडकी येते. दोन्ही घरगुती वापराला फुकट, धंद्यासाठी लायसन्स घ्यावं लागतं. दोन्ही ते सपाट चित्रच वाचतात हे वर सांगितलंच, पांढरं पान आलं तर दोष त्यांचा नाही.

टर्मिनलची भीती नसेल त्यांनी इमेजमॅजिक वापरा, खरंच फुकट आणि हजारो फाइलींना दमत नाही. फक्त पीएसडी देताना फाइलच्या नावाला लागूनच चौकोनी कंसात शून्य लिहायचा, शून्य म्हणजे सपाट चित्र. तो विसरला की प्रत्येक लेयरची वेगळी जेपेग निघते आणि चाळीस लेयरच्या बोर्डाचे चाळीस तुकडे फोल्डरभर पसरतात.

जिंप पीएसडी लेयरसकट उघडतं आणि स्वतःच्या एक्ससीएफमधे सेव्ह करतं, पण अक्षरं चित्र होऊन येतात, मजकूर बदलता येत नाही, आणि लेयर स्टाइल, स्मार्ट ऑब्जेक्ट, अॅडजस्टमेंट लेयर नीट येतीलच असं नाही. त्यामुळे पीएसडीची एक्ससीएफ करून मूळ पीएसडी डिलीट करू नका, डिस्क कितीही भरली असली तरी. अफिनिटीत फाइल मेनूत न्यू बॅच जॉब आहे, तिथून जेपेग, टिफ, पीएनजी एकगठ्ठा निघतात, आणि लेयरवाल्या फाइलीतून लेयरवालीच फाइल पाहिजे असेल तर तिथे ती निघते का ते आधी करून बघा, आणि एक-दोन फाइली पुन्हा उघडून लेयरची नावं आणि ब्लेंड मोड मूळ फाइलीशी ताडून घ्या.